राजा केदारदेव, मी आणि मुलुंड

२० एप्रिल, सोमवार. दुपारी १

आज मुलुंड सोडलं. कुणी काढलं नाही, मी स्वतः सोडलं. हे आधीच लिहून ठेवतो, पुढे वाद नकोत.

थोडक्यात हकिगत. काल सोसायटीत सेक्रेटरीची निवडणूक झाली. गेली सतरा वर्षं सेक्रेटरी मी, नंदकुमार धाकू घाडीगावकर. फ्लॅट अठ्ठावीस, त्यांतले बहुतेक कृतघ्न. दुसऱ्या मजल्यावरची श्वेता गजभिये, वय चौतीस, सॉफ्टवेअरमध्ये कायतरी करते, तिला तेवीस मतं. मला चार. एक चिठ्ठी बाद. बाद झालेली माझ्याच माणसाची असणार, भावनेच्या भरात टिक बाहेर गेली असेल. म्हणजे खरी मतं पाच.

पोरीचं कर्तृत्व काय, तर बंद पडलेला पंप एका दिवसात चालू करून घेतला. तोच पंप मी तीन महिने दुरुस्त करत होतो. कोटेशनं मागवत होतो, तुलना करत होतो. ह्याला पद्धत म्हणतात. पण लोकांना पाणी हवं, पद्धत नको.

सकाळी प्रेमाला सांगितलं की सोसायटीची माणसं येऊन मला मानाने परत नेत नाहीत तोपर्यंत मी मुलुंडमध्ये पाऊल ठेवणार नाही. छत्तीस वर्षांचा संसार. वाटलं, डोळे पुसेल. तिने विचारलं, बीपीच्या गोळ्या घेतल्यात का. आणि खाली जाताच आहात तर ओला कचरा घेऊन जा म्हणाली. नेला. मग रिकामा डबा परत वर आणून ठेवावा लागला. त्यामुळे घरातून दोनदा निघालो.

मुक्काम अंधेरी पश्चिम, चार बंगला. पुतण्या निलेश आणि त्याची बायको श्रुतिका. सेंट्रल रेल्वेच्या माणसाला वेस्टर्न लाइन म्हणजे परदेशच. इथे मराठी माणूस मराठी माणसाशी हिंदीत भांडतो.

सोबत दोन शर्ट, एक लेंगा, सोसायटीचा रबरी शिक्का आणि गच्चीची किल्ली. शुक्रवारी पाण्याची टाकी साफ करायची आहे. गच्चीला कुलूप आहे. बघूया आता कोणाची गरज कोणाला पडते.

अंदाज: तीन दिवसांत बोलावणं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडलो. ग्रुपवर खळबळ माजली असणार. मी ग्रुपमध्ये नसल्यामुळे दिसत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ८

संकल्प. रोज पाचला उठणे (उद्यापासून). आत्मचरित्र, रोज दहा पानं. समुद्रावर तासभर चालणे. मुलुंडला फोन अजिबात न करणे.

सकाळी ८.२०

प्रेमाला फोन केला. हा मुलुंडला केलेला फोन धरायचा नाही, बायकोला केलेला आहे. मी ग्रुप सोडला त्यावर लोक काय म्हणतात, विचारलं. ती म्हणाली, सोडलात? कधी? त्याच वेळी कुणीतरी उद्या पाणी उशिरा येणार असं टाकलं होतं, त्याच्याखाली राहून गेलं असेल म्हणे.

आत्मचरित्र: पान पहिलं. 'माझा जन्म.' पुढचं उद्या.

२३ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस झाले. बोलावणं नाही. साहजिक आहे, डेलिगेशनमध्ये कोण कोण यायचं ह्यावर त्यांच्यात मारामारी चालली असेल.

श्रुतिका घरूनच काम करते. हॉल एकच, आणि हॉलमध्ये मी. आज तिच्या मीटिंगमध्ये मागून दोनदा बनियनवर गेलो. सिंगापूरच्या लोकांनी विचारलं म्हणे, ते कोण. मी उत्सुकतेने विचारलं, मग काय सांगितलंस गो? तर म्हणाली, पाहुणे आहेत, लवकरच जाणार आहेत. 'लवकरच' वर चांगला जोर होता. पोरगी माझ्या बाबतीत आशावादी आहे, बरं वाटलं.

समुद्र: बघितला. बाल्कनीतून. दोन बिल्डिंगांच्या मधून बोटभर दिसतो.

२४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०

आज टाकीचा दिवस. फोन चार्ज करून समोर ठेवला आहे. वाजला की लगेच उचलायचा नाही, चार रिंग होऊ द्यायच्या. मग जरा थकल्या आवाजात, कोण?

सकाळी ११.१०

वाजला. पाच रिंग दिल्या. बाई हिंदीत म्हणाली, तुम्हाला पर्सनल लोन मंजूर झालंय.

दुपारी ४

प्रेमाचा फोन. टाकी साफ झाली. श्वेताने कुलूप तोडून नवीन लावलं आणि प्रत्येक मजल्यावर एकेक किल्ली दिली. प्रत्येक मजल्यावर! उद्या गच्चीवर कोणीही जाईल, कपडे वाळत घालेल, चांदणं बघेल. अराजक.

आणखी एक. टाकीच्या तळाशी चार वर्षांपूर्वी हरवलेला माझा चष्मा सापडला. प्रेमा म्हणाली, फ्रेम झकास आहे अजून. बिल्डिंगवाले काही म्हणाले का, विचारलं. हसत होते म्हणाली. हा चष्मा विरोधकांनी टाकला असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

२५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी

आज आयुष्याला वळण मिळालं.

श्रुतिका सकाळी म्हणाली, काका, मढला एक म्युझियम आहे, बघून या ना. राजा केदारदेव स्मृतिगृह. त्यांनाही असंच गादीवरून काढून इथे आणून ठेवलं होतं, अगदी तुमच्यासारखं. वर्सोव्याहून फेरीबोट, पलीकडे रिक्षा, सगळं कागदावर लिहून दिलं. म्युझियम पाचला बंद होतं पण बंद होईपर्यंत बसू देतात, हे तिने दोनदा अधोरेखित केलं होतं. डबापण दिला. लाखात एक सून.

गेलो. शूटिंगला भाड्याने देतात त्या बंगल्यांच्या रांगेत एक जुना कौलारू बंगला. आत मी एकटा, आणि केअरटेकर भीमराज इंगळे. मूळचा बुलढाण्याकडचा, अकरा वर्षं इथेच नोकरीला. म्हणाला, दिवसाला चार माणसं येतात, त्यांतली तीन बाथरूम विचारतात.

केदारदेव म्हणजे सोनखोरे ह्या डोंगरातल्या छोट्या संस्थानाचे राजे. १८६८ साली इंग्रजांनी गादीवरून काढून ह्या बंगल्यात आणून ठेवलं. चौदा वर्षं राहिले, इथेच गेले. भिंतीवर मोठं तैलचित्र आहे. मी समोर उभा राहिलो आणि अंगावर काटा आला. तीच मिशी! तेच कपाळ! मी भीमराजला विचारलं, काही साम्य दिसतं का. तो म्हणाला, कुणाशी?

व्हरांड्यात राजांची दुर्बीण आहे. रोज संध्याकाळी त्या दुर्बिणीतून समुद्राकडे बघत बसायचे, आपली माणसं बोटीने न्यायला येतील म्हणून. मला भरून आलं. भीमराज म्हणाला, साहेब, सोनखोरे पूर्वेला. तिथे समुद्र नाही, धड नदी पण नाही. बोटीने येणार कोण? राजाने चौदा वर्षं उलट्या दिशेला बघितलं.

सरकारी नोकर. दृष्टी नाही.

२६ एप्रिल, रविवार

अंधेरीच्या बाल्कनीत खुर्ची टाकून चिंतन केलं. बाल्कनीचं तोंड पश्चिमेला. निलेशने विचारलं, काका, काय बघताय? मी म्हटलं, मुलुंड. तो म्हणाला, मुलुंड किचनच्या खिडकीकडे आहे.

आत्मचरित्र: शीर्षक बदललं. 'हद्दपार'. बाकी मजकूर तोच, 'माझा जन्म.'

२९ एप्रिल, बुधवार

पुन्हा म्युझियम. आता भीमराज मला बघून उठत नाही, म्हणजे घरोबा झाला.

आज पत्रांची खोली. राजांनी गव्हर्नरला दोनशे बारा पत्रं लिहिली. काय ती लढाऊ वृत्ती! भीमराजने सगळी वाचली आहेत. म्हणाला, एकशे नव्वद पत्रं आंघोळीच्या गरम पाण्याबद्दल आहेत, उरलेली ढेकणांबद्दल. मी म्हटलं, छोट्या मुद्द्यांतूनच मोठे लढे उभे राहतात. मी स्वतः सोसायटीत जिन्यातल्या चपलांवर सेहेचाळीस नोटिसा काढल्या होत्या.

मग त्याने भिंतीवरची शेवटची चौकट दाखवली, आत सरकारी हुकूम आणि राजांचं उत्तर. सहाव्या वर्षी सरकारने हुकूम मागे घेतला. राजे मोकळे! कुठेही जा! आणि राजांनी काय उत्तर दिलं? की मला अपमान करून आणलंत, आता माझी प्रजा हत्ती, पालखी, वाजंत्री घेऊन मला न्यायला येईल तेव्हाच मी जाईन. तोपर्यंत इथून हलणार नाही.

मी चौकटीसमोर पाच मिनिटं उभा होतो. वाघ! वाघ माणूस!

मी विचारलं, मग आले का लोक? भीमराज म्हणाला, पंखा बंद करतो, साहेब, जेवायची वेळ झाली.

बाजूच्या खोलीवर 'राणी मालनदेवी दालन' असं लिहिलं आहे. तिथला पंखा चालत नाही, म्हणून गेलो नाही.

निर्णय: प्रेमाला फोन करून कळवलं की मी रोज दुपारी मढच्या स्मृतिगृहात असतो. ज्यांना न्यायला यायचंय त्यांनी तिथे यावं. आणि वाजंत्री असेल तर बरं. ती म्हणाली, फोडणी करपतेय, ठेवते.

२ मे, शनिवार. संध्याकाळी ७

आज सगळं नीट लिहून ठेवतो.

दुपारी तीन. व्हरांड्यात बसलो होतो. लांबून ढोल-ताशा ऐकू आला. आधी वाटलं भास. मग सनई. मग धूळ. मग पालखी! फेटे बांधलेली तीसेक माणसं, बायका नऊवारीत, पुढे झेंडा. थेट आमच्या फाटकाच्या दिशेने!

आले. शेवटी आले. खोटं का लिहू, डोळे भरले. एवढ्या वर्षांत ह्या लोकांना मी काय काय बोललो, सगळं माफ करून टाकलं. श्वेतालापण. केस सारखे केले, चप्पल घातली, हात जोडून फाटकाबाहेर आलो आणि म्हटलं, कशाला एवढं, चला, मी येतो.

माइकवरून आवाज आला, ए काका, फ्रेममधून बाजूला व्हा!

बाजूच्या बंगल्यावरचं शूटिंग. कुठल्याशा सीरियलमधलं लग्न. पालखी थर्माकोलची. मी इतका पुढे गेलो होतो की मागे यायला जागा नव्हती. डायरेक्टर म्हणाला, राहू दे, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरं पाणी आहे, नवरीचा काका म्हणून चालेल. तीन टेक झाले. पहिल्या टेकला रडलो तसं पुढच्या दोन टेकना जमलं नाही, त्यावरून ओरडाही खाल्ला. जेवणाचं पाकीट मिळालं. पनीर होतं.

भीमराज कट्ट्यावरून सगळं बघत होता. पाण्याची बाटली दिली.

फेरीबोटीत एका बाईने विचारलं, तुम्ही सीरियलमध्ये काम करता का. मी म्हटलं, कधीकधी.

५ मे, मंगळवार

स्पष्ट करतो, मी मुलुंडला गेलो नाही. मी फक्त कांजूरमार्गला गेलो. कांजूरमार्ग म्हणजे मुलुंड नव्हे. मध्ये भांडुप आणि नाहूर आहे. जेव्हीएलआर रस्त्याने जाणाऱ्या बसने गेलो, सहज, हवापालट म्हणून.

उतरलो आणि वारा फिरला. डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आला. आमच्याकडे वारा तिकडून असला की येतो तोच. ह्या वासाविरुद्ध मी महापालिकेला एकोणीस निवेदनं दिली आहेत. स्टॉपवर लोक नाकाला रुमाल लावून उभे होते, आणि मी खोल श्वास घेत होतो. ह्या वेळी प्रेमा खिडक्या लावून घेते. आधी बेडरूमची, मग हॉलची, मग मला ओरडून सांगते, बाथरूमची लावा.

डोळ्यांत पाणी आलं. एक माणूस म्हणाला, काका, सवय नाय वाटतं तुम्हाला.

लगेच परतीची बस पकडली.

८ मे, शुक्रवार

श्रुतिकाची आई सावंतवाडीहून रविवारी येते आहे. महिनाभर. त्यामुळे हॉल तिला. माझी सोय स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये. निलेश म्हणाला, काका, तुम्ही हवे तितके दिवस राहा, घर तुमचंच आहे, फक्त नक्की किती दिवस ते सांगा. मी म्हटलं, इतिहासाला तारखा देता येत नाहीत. तो म्हणाला, वाट लागली. पुढे आत जाऊन श्रुतिकाशी जरा मोठ्याने कुजबुजला.

नवी योजना, आणि ही फसणार नाही. रविवारी प्रेमाला म्युझियम दाखवायचं. दुर्बीण, पत्रं, ती शेवटची चौकट. एकदा तिला माझ्या त्यागाचं स्वरूप कळलं की ती सोसायटीत जाऊन बोलेल. प्रेमा बोलायला लागली की लोक ऐकतात. मी छत्तीस वर्षं ऐकतोय.

आत्मचरित्र: वही श्रुतिकाच्या हातून वाण्याच्या यादीसाठी वापरली गेली. 'माझा जन्म' ह्याच्याखाली तूरडाळ, साबण, हिंग.

१० मे, रविवार. संध्याकाळी

प्रेमा आली. अबोली रंगाची साडी, पर्समध्ये माझ्या बीपीच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या. बारीक वाटली. की मीच बरेच दिवसांनी बघत होतो म्हणून.

भीमराजने तिला बघताच खुर्ची दिली. मला दोन आठवड्यांत दिलेली नाही. मी दुर्बीण दाखवली. ती म्हणाली, समुद्र छान दिसतो. मी पत्रं दाखवली. ती म्हणाली, ह्यांना दुसरं काम नव्हतं का. मी शेवटची चौकट स्वतः मोठ्याने वाचून दाखवली, हत्ती, पालखी, वाजंत्री. तिने माझ्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, आणि शेजारच्या दालनात गेली. पंखा नसलेल्या.

बराच वेळ आली नाही म्हणून मीपण गेलो. एकच फोटो. राणी मालनदेवी. हुकूम उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपून सोनखोऱ्याला परत गेल्या. पुढे तिथे एकतीस वर्षं. तीन विहिरी बांधल्या, नातवंडांची लग्नं केली. प्रेमाने चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं आणि म्हणाली, शहाणी बाई.

मी म्हटलं, नवऱ्याला एकटं टाकून गेली. प्रेमा म्हणाली, टाकून कुठे, बोलावत होती की, हे काय. काचेखाली राणीने राजाला धाडलेली सात पत्रं. प्रत्येकात एकच ओळ. घरी यावे. मी भीमराजला विचारलं, राजांनी काय उत्तर दिलं. तो म्हणाला, एकालाही नाही. मायन्यात 'श्रीमंत' लिहिलं नव्हतं म्हणून परत पाठवली, शेरा मारलाय बघा मागे.

व्हरांड्यात आलो. मी मूळ मुद्द्यावर आलो. विचारलं, बिल्डिंगमध्ये वातावरण कसं आहे, लोकांना चुकल्यासारखं वाटतं का. प्रेमा म्हणाली, सगळे विचारतात तुम्ही कधी येणार. माझा ऊर भरून आला. मग म्हणाली, गावाहून.

गावाहून?

तिने सगळ्यांना सांगितलं होतं की हे गावाला गेलेत, कौलं परतायला. पावसाच्या आधी दरवर्षी कोणीतरी जातंच, कुणाला काही वाटलं नाही.

मी ओरडलो. भीमराज आतून बाहेर आला इतका ओरडलो. वीस दिवस! वीस दिवस मी पुतण्याच्या हॉलमध्ये पडून इतिहास घडवतोय, आणि मुलुंडच्या लेखी मी कौलं परततोय! जी हद्दपारी कुणाला माहीतच नाही ती कसली हद्दपारी!

प्रेमा शांतपणे म्हणाली, मग काय सांगू, रुसून बसलेत? त्रेसष्टाव्या वर्षी? गावाला गेलेला माणूस कधीही परत येऊ शकतो, त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. रुसून गेलेल्याला विचारतात.

मग जरा वेळाने म्हणाली, एकटीसाठी भात लावायचा कंटाळा येतो. दोन दिवसांचा एकदम लावते. साडेचारची बोट आहे, येताय?

आत्ता लिहिताना हे वाक्य किती साधं दिसतंय. तेव्हा मी म्हटलं, मानाशिवाय येणार नाही. ती 'बरं' म्हणाली, पर्स उचलली आणि गेली. फाटकाशी एकदा थांबली. चप्पलचा पट्टा नीट केला. गेली.

मी राजांच्या खुर्चीत बसलो. बसायला मनाई आहे, पाटी आहे. भीमराज ओरडेल असं वाटलं. तो म्हणाला, बसा, ती खरी नाही. खरी शूटिंगवाल्यांनी नेली, ही बदली आली. मग पायरीवर बसला आणि म्हणाला, साहेब, इंग्रजांनी राजाला सहा वर्षं ठेवलं. पुढची आठ वर्षं त्याने स्वतःला ठेवलं.

पाच वाजले. बंद करायचंय म्हणाला.

११ मे, सोमवार

म्युझियम सोमवारी बंद असतं. तरी वर्सोव्याच्या जेटीपर्यंत गेलो आणि परत आलो.

श्रुतिकाने दुपारी गरम भात वाढला. वाफ येत होती. दोन घास खाल्ले, पुढे जाईना. तिकडे प्रेमा कालचा भात खात असेल. मला घरी जायचंय. पहिल्याच दिवशी, रिकामा डबा वर ठेवायला गेलो तेव्हाच घर सोडायचं नव्हतं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

१२ मे, मंगळवार. दुपारी ४, रिक्षाची वाट बघत

काल भावनेच्या भरात काहीबाही लिहिलं गेलं. ते धरू नये.

शांतपणे विचार केला. केदारदेवांची चूक लक्षात आली. ते हत्तीची वाट बघत बसले. मी रिक्षाने जाणार. हा पराभव नव्हे, डावपेच आहे. शत्रूला वाटतंय मी गावाला आहे, तर मी गावाहूनच परतणार.

तयारी: (१) चपलांना लाल माती. अंधेरीत नाही. नर्सरीतून कुंडीसाठी मिळते ती एक पिशवी आणली. निलेशच्या बाथरूममध्ये चपलांना चोळली. बाथरूम भरलं. (२) आंब्याची पेटी. गावाहून मे महिन्यात रिकाम्या हाताने कोण येतो? स्टेशनजवळच्या भय्याकडून घेतली, वर मोठ्या अक्षरांत 'अस्सल देवगड'. त्याने आईची शपथ घेतली.

निघताना श्रुतिका पाया पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं असावं, असा माझा अंदाज आहे.

१२ मे, मंगळवार. संध्याकाळी ७. मुलुंड

पोचलो.

फाटकातच माणसं. नंतर कळलं, निलेशने निघाल्याचा फोन केला होता. तळमजल्याचे जोशीकाका, तिसऱ्यावरची गंधाली, वॉचमन, सगळे एकदम, काका, आलात गावाहून? कौलं झाली? मी म्हटलं, झाली एकदाची. वाशात साप निघाला. हे आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. मग साप वाढत गेला. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. माझं म्हणणं इतकं शांतपणे ह्या आवारात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

श्वेता ऑफिसमधून आली. म्हणाली, काका, रापलात हो गावी. मग पेटी बघून, आंबे! म्हणत तिथेच टेबल लावून उघडायला बसली, सगळ्यांना वाटूया म्हणून. झाकण काढलं. गवत काढलं. खाली वर्तमानपत्र.

कानडी.

अख्खं पान. गोल गोल अक्षरं, मधे कुठल्याशा मंत्र्याचा फोटो. इथे जमलेली अर्धी माणसं कोकणातली. देवगडची पेटी कुठल्या कागदात येते आणि कर्नाटकचा आंबा कुठल्या कागदात, हे त्यांच्या पोरांनाही कळतं. सगळे कागदाकडे बघत होते. मी माझ्या लाल चपलांकडे बघत होतो.

श्वेताने तो कागद पटकन चुरगळला, सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, एक आंबा नाकाला लावला आणि म्हणाली, काय वास आहे! गावचा तो गावचाच ना, काका! जोशीकाका म्हणाले, प्रश्नच नाही. गंधाली म्हणाली, बाजारात असे मिळत नाहीत. जोशीकाका जन्माने रत्नागिरीचे.

मी बॅगेतून शिक्का काढून श्वेताला दिला. म्हटलं, चुकून गावी गेला होता. ती म्हणाली, बरं झालं आणलात, नवीन केलाय तो पुसट उठतो.

वर आलो. प्रेमाने कुकर लावला होता. दोघांचा. मी म्हटलं, बघितलंस, कोणाला काही कळलं नाही. नंदकुमार घाडीगावकर म्हणतात मला.

तिने हात पुसले, फोन काढला, ग्रुप उघडून माझ्या हातात दिला आणि शिट्ट्या मोजायला गेली.

तारीख २१ एप्रिल. श्वेताचा मेसेज: प्रेमाकाकूंनी खरं काय ते सांगितलं आहे. काका रागावून अंधेरीला निलेशकडे गेलेत. ते परत आले की सगळ्यांनी गावाचं विचारायचं. अंधेरीचं नाव कुणी काढायचं नाही. प्लीज.

खाली अंगठे. मी मोजले. परत मोजले. अठ्ठावीस फ्लॅट, अठ्ठावीस अंगठे. प्रेमाचा धरून.

दुसऱ्या दिवसापासून. आणि मी सापाची लांबी सांगत होतो.

सतरा वर्षं सेक्रेटरी होतो. पाण्याच्या वेळेवर नाही, रंगावर नाही, गणपतीच्या वर्गणीवर नाही, एका ठरावावर कधी एकमत झालं नाही. माझ्यावर झालं.

प्रेमाने भात वाढला आणि आंबा कापला. आंबट निघाला. गावचा असून.